प्रवास विम्याची पॉलिसी मागून पुढे वाचा

मी चौदा वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात होते. सुट्टीहून परतलेल्या लोकांनी पाठवलेली कागदपत्रं उघडायची, पॉलिसीशी ताडून पाहायची आणि पैसे द्यायचे की नाही ते लिहायचं, हे माझं काम. त्यातली एक फाइल मला अजून पानापानानिशी आठवते. एका मुलीने वडिलांच्या उपचारांचा क्लेम केला होता. सहलीच्या पाचव्या दिवशी त्यांच्या छातीत दुखायला लागलं, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. तिने सगळी बिलं तारखेप्रमाणे लावून प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक घातला होता. अकराव्या कागदावर तिथल्या डॉक्टरांची एक ओळ होती : रक्तदाब, सहा वर्षांपासून, गोळी चालू. आणि विम्याच्या अर्जात ‘कोणता आजार आहे का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलेलं.

तिने लपवाछपवी केली नव्हती. रोज सकाळी एक गोळी घेऊन कामाला लागणाऱ्या माणसाला घरात कुणी आजारी म्हणत नाही. पण पॉलिसीच्या व्याख्येत तो आजारच होता, आणि नकाराचं पत्र मला लिहावं लागलं. त्यानंतर ओळखीतल्या प्रत्येकाला मी एकच सांगत आले आहे : पॉलिसी विकणारा जिथून वाचून दाखवतो तिथून वाचू नका, क्लेम तपासणारा जिथून वाचतो तिथून वाचा.

त्यासाठी आधी योग्य कागद हातात हवा. चकचकीत माहितीपत्रक म्हणजे पॉलिसी नव्हे. तुमचं नाव, तारखा आणि रकमा असलेलं एकदोन पानांचं शेड्यूल म्हणजेही पूर्ण पॉलिसी नव्हे. खरा करार असतो तो पॉलिसी वर्डिंगमध्ये, म्हणजे बारीक अक्षरांच्या त्या लांबलचक दस्तात. पैसे भरायच्या आधी तो मागून घ्या. द्यायला टाळाटाळ झाली, तर ती पॉलिसी तिथेच बाजूला ठेवा.

दस्त मिळाला की पहिल्यांदा व्याख्यांचं पान उघडा, मग ‘काय मिळणार नाही’ ते प्रकरण, मग क्लेमच्या अटी, आणि सगळ्यात शेवटी फायद्यांचा तक्ता. आम्ही फाइल याच क्रमाने तपासायचो. तक्त्यातला मोठा आकडा आधी पाहिला की मन तिथेच अडकतं आणि पुढची पानं वरवर चाळली जातात.

व्याख्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळ द्या तो ‘आधीपासूनचा आजार’ या शब्दांना. किती मागे जाऊन पाहणार, ते इथे लिहिलेलं असतं. काही पॉलिसी ठरावीक महिन्यांपुरतं पाहतात, काही आयुष्यभराचं. काहींमध्ये निदान झालेलं नसलं तरी लक्षणं दिसली होती एवढं पुरतं. म्हणजे पोटात दुखतं म्हणून डॉक्टरांना दाखवलं, ‘घरी परतल्यावर सोनोग्राफी करू’ असं ठरलं आणि प्रवासात पित्ताशयाचा खडा निघाला, तर तो आधीचाच धरला जाऊ शकतो. दुसरा शब्द ‘स्थिर’. आधीचा आजार चालेल, पण निघण्यापूर्वी अमुक दिवस, बहुधा नव्वद किंवा एकशेऐंशी, तो स्थिर हवा, अशी अट असते. लोकांना वाटतं, तब्येत बरी आहे म्हणजे स्थिर. प्रत्यक्षात औषधाचा डोस बदलणं हीदेखील काही पॉलिसींत अस्थिरता ठरते. डोस कमी केला तरीसुद्धा! म्हणून निघायच्या सहा महिने आधीपासूनचे औषधबदल तारखांसह लिहून काढा आणि ते व्याख्येशी ताडा. तिसरी गोष्ट, आधीच्या आजारात ‘फक्त जीव धोक्यात असेल तर’ खर्च देणाऱ्या पॉलिसी असतात. त्यांत रुग्ण धोक्याबाहेर आला की त्या क्षणापासूनचा खर्च तुमचा. पुढची शस्त्रक्रिया, तपासण्या, फिजिओथेरपी, सगळंच.

अर्जात मात्र सगळं लिहा. गोळी लिहा, जुनी शस्त्रक्रिया लिहा. प्रीमियम वाढेल किंवा तो आजार वगळला जाईल, पण बाकीचं संरक्षण तरी शाबूत राहील. लपवलेली गोष्ट उघडी पडली तर पूर्ण पॉलिसी रद्द होऊ शकते, अगदी पाय मोडल्याचा क्लेमसुद्धा.

आता वैद्यकीय रक्कम. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. २००९ च्या व्हिसा संहितेत हा आकडा आहे, आणि आजही तो तेवढाच आहे. पुष्कळ जण नेमका तेवढाच विमा घेतात, कारण दूतावासाला तो पुरतो. अतिदक्षता विभागातले दहा दिवस आणि त्यानंतर घरी आणण्याची व्यवस्था, एवढ्याला तो पुरेल असं धरून चालू नका. उपचार जिथे महाग आहेत तिथे याच्या कितीतरी पट रक्कम हवी. पूर्ण प्रवासात पैसे वाचवायचे तर सामानाच्या विम्यात वाचवा, इतर कलमांत वाचवा, पण इथे हात आखडू नका. हरवलेल्या बॅगेने कुणी कर्जात बुडत नाही.

मोठ्या आकड्याच्या आतही छोटे आकडे दडलेले असतात. समजा विमा रक्कम शंभर आहे. साठीच्या पुढच्या प्रवाशाला हृदयविकारासाठी त्यातले पंधराच, खोलीचं भाडं दिवसाला एकच, वर प्रत्येक बिलातला पाचवा हिस्सा स्वतः भरायचा, असं असलं तर ती शंभरची पॉलिसी तुमच्यासाठी शंभरची नाही. डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीचा जो खर्च तुम्ही सोसायचा तो, प्रत्येक क्लेमला आहे की अख्ख्या सहलीला एकदाच, तेही पाहा.

रुग्णाला हलवण्याची दोन कलमं वेगवेगळी असतात. जवळच्या सुसज्ज रुग्णालयात नेणं हे एक, आणि मायदेशी आणणं हे दुसरं. स्ट्रेचरवरच्या रुग्णाला साध्या विमानातून आणायचं तरी बऱ्याच सीटांची जागा मोकळी करावी लागते, सोबत नर्स किंवा डॉक्टर लागतो. दोन्हींत निर्णय कुणाचा, ही ओळ शोधा. जवळपास सगळीकडे तो कंपनीने नेमलेल्या असिस्टन्स सेवेच्या, म्हणजे परदेशात अडचणीत फोनवर मदत करणाऱ्या सेवेच्या, डॉक्टरांचा असतो, आणि त्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हेलिकॉप्टर बोलावलं तर ते बिल तुमच्या गळ्यात पडू शकतं. मृत्यू झाल्यास पार्थिव आणण्याचं कलमही वाचून ठेवा. ते वाचताना जीवावर येतं, मला माहीत आहे. तरी वाचा.

गिर्यारोहण, डायव्हिंग, बर्फावरचे खेळ यांच्यासाठी ‘साहसी खेळ’ असा मोघम शब्द पुरत नाही, मर्यादा आकड्यांत पाहा. पॉलिसी ४,५०० मीटरपर्यंतच असेल आणि तुम्ही ५,३६४ मीटरवरच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघाला असाल, तर शेवटचे दिवस तुम्ही विम्याविना चालत असता, आणि उंचीच्या त्रासाचा धोका तेव्हाच जास्त असतो. डायव्हिंगमध्ये पॉलिसी कितीही खोलीचं म्हणो, बहुतेकदा तुमच्या प्रमाणपत्राची मर्यादा लागू होते. सुरुवातीच्या ओपन वॉटर प्रमाणपत्राला ती १८ मीटर आहे.

मात्र माझ्या टेबलावर गिर्यारोहकांपेक्षा कितीतरी जास्त फाइली यायच्या त्या भाड्याच्या स्कूटरच्या. घरी कधी दुचाकी न चालवणारी माणसं सुट्टीत बेटावर गेली की स्कूटर घेतात. पॉलिसी विचारते : त्या देशात चालेल असा, त्या इंजिन क्षमतेचा परवाना होता का? हेल्मेट होतं का? रक्तात दारू होती का? दुकानदाराने परवाना न मागता किल्ली दिली, हे उत्तर क्लेममध्ये चालत नाही. सहलीत दुचाकी येण्याची जराही शक्यता असेल तर हे कलम आणि आंतरराष्ट्रीय परवान्याची सोय दोन्ही आधी पाहून घ्या.

सहल रद्द होण्याच्या विम्यात कारणांची यादी असते, आणि यादीबाहेरच्या कारणाला काही मिळत नाही. ‘मन बदललं’ किंवा ‘तिथे जायची भीती वाटते’ ही कारणं यादीत नसतात. कोणत्याही कारणासाठी रद्द करू देणारं जोडसंरक्षण काही ठिकाणी मिळतं, पण त्यात खर्चाचा ठरावीक भागच परत येतो आणि पहिलं बुकिंग केल्यापासून थोड्या दिवसांत ते घ्यावं लागतं. म्हणून विमा निघायच्या आदल्या रात्री घेऊ नका, पहिले पैसे भरले त्याच दिवशी घ्या. वादळाला नाव पडलं, संप जाहीर झाला, साथ पसरली, की ती ‘माहीत असलेली घटना’ होते, आणि त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ती बसत नाही. शब्दाने किती फरक पडतो ते एप्रिल २०१० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं जवळपास सहा दिवस अडली, आणि राख म्हणजे ‘खराब हवामान’ की नाही यावर विमा कंपन्यांची उत्तरं वेगवेगळी होती.

याच प्रकरणात ‘जवळचा नातेवाईक’ ही व्याख्या शोधा. आपल्या भाषेत आत्या, मावशी, काकू, नणंद, जाऊ असे वेगवेगळे शब्द आहेत, पॉलिसीत मात्र चारपाच नात्यांची यादी असते. जिने लहानाचं मोठं केलं ती मावशी आजारी पडली म्हणून सहल सोडलीत, आणि मावशी यादीत नाही, तर क्लेम बसत नाही. अशा फाइली मी पाहिल्या आहेत.

उशिराचं कलम थोडक्यात : किती तासांनंतर लागू होतं, आणि ते तास निघण्याचे की पोचण्याचे. विमान कंपनीकडून कारण आणि वेळ लिहिलेलं पत्र काउंटरवरच घ्या. दोन विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पुढचं विमान चुकण्याचं कलम लागू होतं का, हे आधी विचारा.

सामानाच्या विम्यात एकूण रकमेपेक्षा ‘प्रत्येक वस्तूला जास्तीत जास्त किती’ हा आकडा महत्त्वाचा. कॅमेरा, लॅपटॉप, दागिने यांना वेगळी, बरीच कमी मर्यादा असते. शिवाय वापरलेल्या वस्तूची किंमत घसारा वजा करून धरतात. आणि ‘लक्ष न ठेवलेलं सामान’ हे शब्द अधोरेखित करा. एका तरुणाने लॅपटॉप चोरीच्या क्लेममध्ये प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘बॅग खुर्चीखाली ठेवून मी फक्त पाण्याची बाटली भरायला गेलो.’ त्या एका वाक्यावर क्लेम नामंजूर झाला. बॅग विमान कंपनीकडून हरवली किंवा फाटली, तर विमानतळाबाहेर पडायच्या आत पीआयआर नावाचा तक्रार अर्ज भरून प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल करारानुसार खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. विमान कंपनीची जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत आहे. (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक.) आधी ते मिळवा, विमा उरलेल्यासाठी.

तारखा तर सगळे पाहतात, पण परतीचं विमान लांबलं तर पॉलिसी आपोआप वाढते का, हे पाहत नाहीत. वार्षिक पॉलिसी असेल तर एका सहलीचे जास्तीत जास्त दिवस मोजा. क्रेडिट कार्डाबरोबर आलेल्या विम्यात तिकीट त्याच कार्डाने काढलेलं असावं लागतं का, ते पाहा. आणि तुमच्या सरकारने ‘तिथे जाऊ नका’ म्हटलेल्या भागात पॉलिसी चालते का, हेही.

एवढं झालं की विकत घेण्याआधी मी दोन गोष्टी करते. असिस्टन्स सेवेच्या क्रमांकावर रात्री उशिरा फोन लावते. माणूस बोलतो का, किती वेळात, कोणत्या भाषेत, हे कानाने ऐकलेलं बरं. दुसरं, माझ्या शंका ईमेलवर विचारते, फोनवर नाही, कारण फोनवर मिळालेला होकार क्लेमच्या फाइलला लावता येत नाही. मागच्या सहलीआधी आमच्या यजमानांच्या गुडघ्याबद्दल दोन कंपन्यांना विचारलं होतं. त्यांची एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. एकीचं उत्तर आलं, ‘पॉलिसीच्या अटींनुसार संरक्षण मिळेल.’ दुसरीने कलमाचा क्रमांक देऊन लिहिलं की त्या गुडघ्याशी संबंधित काहीही मिळणार नाही, पण पडून दुसरं हाड मोडलं तर मिळेल. मी दुसरीची पॉलिसी घेतली, ते ईमेल छापून पॉलिसीला टाचलं.

पासपोर्टच्या पाकिटात मी अर्धा कागद ठेवते. त्यावर पॉलिसी क्रमांक, असिस्टन्सचा फोन, घरच्या एकाचा फोन आणि दोघांच्या औषधांची मूळ रासायनिक नावं असतात, कारण ब्रँडचं नाव देशागणिक बदलतं. त्याच कागदाची दुसरी प्रत यजमानांच्या खिशात असते, कारण बेशुद्ध मी पडले तर फोन त्यांना लावायचा असतो.