क्लाउडवरील मराठी दप्तरात एआय एजंटला शोध कसा घेऊ द्यावा

रावेर किंवा यावल तालुक्यातील एखाद्या फ्रूटसेल सोसायटीचे प्रोसिडिंग, केळीच्या विक्रीच्या पावत्या, पीकविम्याचे कागद आणि सभासदांचे सातबारा उतारे स्कॅन करून ॲमेझॉन एस३ सारख्या क्लाउड साठ्यात चढवले, की दप्तर वाळवीपासून वाचते. मात्र त्यात काही शोधणे सोपे होतेच असे नाही. हा साठा फाइल केवळ तिच्या नावाने ओळखतो, आत काय लिहिले आहे ते पाहत नाही, आणि नावांची यादीसुद्धा एका मागणीला जास्तीत जास्त १००० इतकीच देतो. अशा स्थितीत ‘केळीवरील हरण्या रोगाच्या नुकसानीबाबत कोणता ठराव झाला होता?’ असे एजंटला, म्हणजे दिलेली साधने स्वतः चालवून काम करणाऱ्या एआय मॉडेलला, विचारल्यास त्याला एकेक फाइल उतरवून वाचावी लागते. त्यात वेळ आणि पैसा जातोच, शिवाय मॉडेलची वाचनमर्यादाही लवकर संपते. म्हणून साठा आणि एजंट यांच्यामध्ये मजकुराची वेगळी सूची ठेवावी आणि एजंटला त्या सूचीत शोधू द्यावे.

सर्वांत जास्त श्रम मजकूर काढण्यावर खर्च करावेत. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्वत्र चालणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतांत, टंकलेल्या वर्ड फाइली सरळ वाचता येतात. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधील पत्रे पडद्यावर मराठी दिसत असली, तरी त्यांतून बाहेर पडतो तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता. तेव्हा फाइलमधील फॉन्टचे नाव तपासून त्या फॉन्टचाच युनिकोड-परिवर्तक वापरावा. स्कॅन केलेल्या पानांसाठी टेसरॅक्ट हे चित्रातील अक्षरे ओळखणारे मुक्त साधन मराठीच्या भाषा-फाइलसह चालते, पण पाने ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलेली असावीत. हस्तलिखित प्रोसिडिंगकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. तेथे ठरावाचा क्रमांक, तारीख आणि विषय माणसाने टंकून ठेवणे हेच अधिक शहाणपणाचे.

काढलेला मजकूर पानागणिक साठवावा आणि प्रत्येक पानासोबत फाइलचे पूर्ण नाव, पान क्रमांक आणि साठ्याने त्या फाइलला दिलेला ईटॅग (फाइलचा मजकूर बदलला की बदलणारी खूण) नोंदवावा. शोधासाठीच्या प्रतीत सर्व अंक एकाच लिपीत आणावेत. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन वेगळ्या संकेतक्रमांनी टंकला जातो, कधी स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, तर कधी साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला नाही. आधी दुसरे रूप पहिल्यात बदलावे आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत; क्रम उलटला तर त्या शब्दाचा रफार होऊन बसतो.

एका सोसायटीच्या दप्तराला एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधील एफटीएस५ ही शब्दशोधाची सोय पुरेशी आहे. तिचा मूळ शब्दविभाजक (मजकुराचे सुटे शब्द पाडणारा भाग) मात्र फक्त अक्षरे आणि अंक जोडून धरतो व मात्रांपाशी शब्द तोडतो, त्यामुळे ‘केळी’चे तुकडे होतात. सूची तयार करतानाच मात्रांचे आणि हलन्ताचे युनिकोड वर्ग त्याच्या यादीत घालावेत. तीन-तीन चिन्हांचा विभाजक हा दुसरा पर्याय आहे, पण त्यात तीनपेक्षा कमी चिन्हांचा शोध लागत नाही आणि दोन अंकी गट क्रमांक हाती येत नाहीत; म्हणून मी पहिल्याच मार्गाची शिफारस करतो.

विभक्तीची रूपे आणि गावचे शब्द यांसाठी एक छोटी पर्यायसूची हाताने करावी: ‘केळी’सोबत ‘केळ्यां’, ‘हरण्या’सोबत ‘सीएमव्ही’ आणि ‘कुकुंबर मोझॅक’, ‘सिगाटोका’सोबत ‘करपा’. सभासदांच्या अर्जांत लेवा बोलीतले किंवा अहिराणी शब्द असतील तर तेही याच सूचीत यावेत. अर्थावर आधारलेला व्हेक्टर शोध नंतर जोडता येतो, परंतु ठराव क्रमांक किंवा गट क्रमांक हुडकायचा असेल तेव्हा शब्दशोधच विश्वासाचा.

एजंटपर्यंत हे पोहोचवण्यासाठी अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एजंटला बाहेरची साधने जोडण्याची ठरावीक पद्धत) सोयीचा आहे. त्यावर तीनच क्रिया द्याव्यात: फाइलींची यादी, शोध, आणि ठरावीक पानाचे वाचन. शोधाने दहाच्या आसपास निकाल द्यावेत आणि प्रत्येकासोबत फाइल, पान व आजूबाजूच्या दोन-तीन ओळी याव्यात. काहीच न सापडल्यास रिकामे उत्तर देऊ नये, तर ‘जुळणी नाही, शब्दाचे लहान रूप वापरून पाहा’ असे स्पष्ट सांगावे. एरवी एजंट अंदाजाने उत्तर रचण्याची भीती असते.

एजंटसाठीची साठ्याची किल्ली (प्रवेशाचा सांकेतिक शब्द) फक्त वाचनाची आणि त्या एका दप्तरापुरतीच असावी. आधार क्रमांक आणि बँक खाती सूचीत येण्यापूर्वीच झाकावीत. बाहेरून आलेल्या अर्जात एजंटला उद्देशून एखादी सूचना लपवलेली असू शकते. म्हणून कागदातील मजकूर हा आदेश नव्हे असे एजंटला बजावावे, आणि त्यावरही विसंबून न राहता फाइल पुसण्याची किंवा ईमेल पाठवण्याची क्रिया त्याच्या हाती देऊच नये.

दररोज रात्री ईटॅग ताडून बदललेल्या फाइलींचीच पुन्हा नोंद करावी आणि साठ्यातून काढलेल्यांची नोंद वगळावी. चाचणीसाठी सचिवांकडून असे प्रश्न घ्यावेत, ज्यांचे उत्तर कोणत्या पानावर आहे ते त्यांना ठाऊक आहे, आणि एजंटचे उत्तर वाचण्याआधी शोधाने नेमके तेच पान दिले का ते पाहावे.