मेनू उघडणं सोपं, बंद करणं अवघड

नौपाड्यातल्या एका पोळीभाजी केंद्राच्या वेबसाइटचं काम सध्या माझ्याकडे आहे. मेनूत ‘आजची भाजी’, ‘डबा लावा’ आणि ‘शाखा’. ‘शाखा’ दाबलं की खाली नौपाडा, वर्तकनगर, कळवा ही यादी उघडते. प्रत्येक ओळीला वेगळा लिसनर (क्लिक ऐकणारा जावास्क्रिप्टचा तुकडा) लावत बसू नका. बाहेरच्या यूएलवर, म्हणजे सगळ्या ओळींना वेढणाऱ्या यादीच्या टॅगवर, एकच क्लिक लिसनर ठेवा आणि इव्हेंटच्या टार्गेटवर, म्हणजे नेमका क्लिक झाला त्या घटकावर, ‘क्लोजेस्ट’ (तिथून बाहेरच्या दिशेनं शोधणारं फंक्शन) चालवून दाबलेलं बटण शोधा. नुसतं टार्गेट तपासून भागत नाही, कारण बोट बऱ्याचदा बटणातल्या बाणाच्या आयकॉनवर पडतं. उद्या केंद्र चालवणाऱ्या काकूंनी कोपरीला शाखा काढली, तरी जावास्क्रिप्टला हात लावायला नको.

‘शाखा’ हे खरं बटण असू द्या, डिव्ह (नुसता चौकटीचा टॅग) नको. बटणावर एंटर किंवा स्पेस दाबलं की ब्राउझर आपणहून क्लिक पाठवतो. त्या क्लिकला ‘एरिया-एक्सपांडेड’ (मेनू उघडा की मिटलेला हे सांगणारी बटणावरची खूण) ट्रू-फॉल्स करा आणि सीएसएसही त्यावरच चालवा. होव्हरवर, म्हणजे माउस नुसता वर नेल्यावर, मेनू उघडू नका. इथलं गिऱ्हाईक स्टेशनच्या पुलावर एका हातात पिशवी धरून अंगठ्यानं ऑर्डर देतं. त्याच्या फोनवर कसला आलाय होव्हर!

डोकं लागतं ते बंद करताना. डॉक्युमेंटवर क्लिक ऐका; टार्गेट मेनूच्या आत नसेल तर मिटा. आतल्या क्लिकवर ‘स्टॉपप्रोपगेशन’ (क्लिक बाहेरच्या टॅगांपर्यंत जाऊ न देणारी आज्ञा) टाकून सुटका करून घेणारे पुष्कळ भेटतात. मग पानावरच्या दुसऱ्या मेनूला हा क्लिक कळतच नाही आणि तो उघडाच राहतो. एस्केप कळेवर मेनू मिटा आणि फोकस (कीबोर्ड सध्या ज्या घटकावर आहे ती जागा) ‘शाखा’ बटणावर परत द्या.

टॅब दाबत माणूस मेनूबाहेर गेला, तर ‘फोकसआउट’ (फोकस निघून गेल्याचा इव्हेंट) वापरा. तेच सांगणारा ‘ब्लर’ बाहेरच्या टॅगांपर्यंत चढत (बबल होत) नाही, म्हणून यूएलवर तो ऐकूच येणार नाही. ‘रिलेटेडटार्गेट’ (फोकस जिथे चाललाय तो घटक) मेनूबाहेरचा असेल तरच मिटा. नल (म्हणजे काहीच नाही) असेल तर गप्प बसा. मॅकवरच्या सफारीत माउसनं बटण दाबलं तरी त्याला फोकस मिळत नाही आणि नल येतो. तेव्हा मिटलंत, तर मागोमाग येणारा क्लिक मेनू पुन्हा उघडतो आणि ‘बंदच होत नाही’ म्हणून फोन येतो.

बाणांच्या कळा इथे नकोत. त्या ‘रोल मेनू’ (हा अ‍ॅपसारखा मेनू आहे असं स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) दिला तर लागतात, आणि साइटच्या साध्या लिंकांना तो रोल देऊच नये.

मेनूचा हा कंपोनंट (तुकडा) पानावरून काढलात तरी डॉक्युमेंटवरचा लिसनर मागे राहतो. सगळ्या लिसनरना एकाच ‘अबॉर्टकंट्रोलर’चा (लिसनर एकदम काढून टाकणारी जावास्क्रिप्टची सोय) सिग्नल द्या, काढताना एक ‘अबॉर्ट’ पुरतो.