मोबाईलवरचं ट्रेनिंग अर्धवट का राहतं? परिचारिकांच्या शिक्षणातल्या या चुका टाळा

नवं लर्निंग अ‍ॅप आलं की सुरुवातीला सगळ्या लॉगिन करतात. मग हळूहळू नावं गळतात आणि मीटिंगमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘सिस्टर लोकांना शिकायचंच नाही.’ निदान इथेच चुकतं, म्हणून पुढचे उपायही चुकतात. शिकायची इच्छा बहुतेकींकडे असते. ती घालवतो आपण, पुढच्या चुका करून.

‘मोकळ्या वेळेत करा’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मोबाईलवर कुठेही शिकता येतं, याचा अर्थ बघता बघता ‘घरी, स्वतःच्या वेळेत शिका’ असा होतो. नाईट करून झोपलेल्या सिस्टरला भर दुपारी ‘तुमचं मॉड्यूल बाकी आहे’ असा मेसेज गेला, तर ती नोटिफिकेशनच बंद करणार. आणि तिचं बरोबरच आहे. रिमाइंडर ड्यूटी रोस्टर बघून लावा.

वॉर्डात फोन काढावा तर वेगळीच अडचण. नातेवाइकांना वाटतं, सिस्टर चॅटिंग करत बसल्यात. त्यापेक्षा ड्यूटीतच दहा मिनिटं ठरवून द्या, तेवढ्या वेळात तिचे पेशंट कोण बघेल तेही ठरवा आणि शक्य असेल तर वॉर्डासाठी एक सामायिक टॅब ठेवा. दहा मिनिटंही काढता येत नसतील, तर प्रश्न अ‍ॅपचा नाही, मनुष्यबळाचा आहे. तो अ‍ॅपने सुटणार नाही.

गुण, बॅज आणि क्रमवारी

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना कोडी सोडवण्याचे पैसे दिले. पैसे थांबल्यावर रिकाम्या वेळेत त्या कोड्यांना हात लावणं कमी झालं. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलं की आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात: निवडीची मोकळीक, ‘मला हे जमतंय’ ही जाणीव आणि माणसांशी जोडलेपण.

क्रमवारीचा फलक या तिन्हींच्या आड येतो. जिचा वॉर्ड शांत ती वर, जिच्याकडे तीन गंभीर पेशंट ती खाली. मग ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत सर्टिफिकेट काढलं जातं. काही ट्रेनिंग सक्तीचं असणारच, पण ते का, हे एका वाक्यात सांगा. उरलेल्यात विषय तिला निवडू द्या. डायलिसिसच्या सिस्टरला प्रसूती विभागाचं मॉड्यूल नको असेल, तर त्याला आळस म्हणू नये.

व्हिडिओ पाहिला म्हणजे शिकलं

मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या अभ्यासात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र मजकूर न बघता आठवून काढण्याचा सराव केलेले पुढे होते. म्हणून व्हिडिओ लहान करा, प्रश्न वाढवा, तेच प्रश्न आठवड्याने पुन्हा विचारा. आणि प्रश्न वॉर्डातला हवा. ‘हायपरकॅलेमियाची (रक्तातलं पोटॅशियम वाढण्याची) व्याख्या सांगा’ यात कोणाला रस? ‘पोटॅशियम 6.2 आलंय, ईसीजीत टी वेव्ह उंच दिसतेय. डॉक्टरांना फोनवर काय काय सांगाल?’ असं विचारा.

हाताचं काम मात्र स्क्रीनवर येत नाही. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून केलेल्या उपचारात, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंमी दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, हे फोन आठवण करून देईल. तो दाब मॅनिकिनवरच (सरावाच्या पुतळ्यावरच) कळतो, आणि सराव नसेल तर काही महिन्यांतच हात विसरतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजेच कोर्स

अडलेलं विचारायला ग्रुप उत्तम, कारण सोबत मिळते. ब्रिटनमध्ये तर परिचारिकांना तीन वर्षांत जे 35 तास शिक्षण दाखवावं लागतं, त्यातले 20 तास इतरांबरोबरचेच हवेत. पण ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफवर तारीख नसेल तर ती वापरू नका. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2010 च्या सीपीआर सूचनांत वेग ‘किमान 100’ एवढाच होता, 120 ची मर्यादा 2015 मध्ये आली. जुनी फाईल वाचणारीला हे कळणार कसं? पेशंटच्या जखमेचा किंवा रिपोर्टचा फोटो तर टाकूच नका, नाव झाकलं असलं तरी.

मॉड्यूल अडकलंय? आधी हे बघा

कोण अडकलं यापेक्षा कुठे अडकलं ते तपासा. सगळ्याच जणी एका स्क्रीनवर थांबत असतील तर दोष मॉड्यूलचा. एकाच वॉर्डातल्या थांबत असतील तर रोस्टर उघडा, आणि त्या वॉर्डाच्या कोपऱ्यात नेट येतं का तेही बघा; येत नसेल तर ऑफलाइन डाउनलोडची सोय हवी. एखादीच मागे राहिली असेल, तर सगळ्यांसमोर नाव न घेता तिला बाजूला विचारा. भाषा जड जात असेल, अक्षरं बारीक दिसत असतील, किंवा फोनचं स्टोरेज भरल्यामुळे अ‍ॅप उघडतच नसेल.