घरात क्लोबाझामची गोळी असेल तर

माझ्या धाकट्याला फिट येतात. इतर गोळ्यांसोबत रात्री क्लोबाझाम १० मिलिग्रॅम, आठ वर्षं झाली. शेजारच्या काकूंना हीच गोळी ५ मिलिग्रॅमची, जीव घाबरतो म्हणून. एकदा त्यांची पाकिटं संपली, तर आमच्याकडे दोन गोळ्या मागायला आल्या. मी दिल्या नाहीत. महिनाभर बोलल्या नाहीत, असो.

या गोळीने झोप येते, पहिले काही दिवस तोलही जातो. म्हणून सुरुवातीला आणि डोस वाढवला की त्याच्या बाईकची किल्ली माझ्याकडे. पण घरात सगळे घाबरतात ते गोळी घ्यायला. खरं घाबरायला हवं ती एकदम बंद करायला.

गणपतीत तो मामाच्या गावी गेला आणि गोळ्या घरीच राहिल्या. पहिले दोन दिवस काही झालं नाही, उलट तरतरीत वाटायला लागलं. "बघ, उगाच घेत होतो," असा फोनही आला. चौथ्या दिवशी पहाटे लागोपाठ दोन फिट. हे औषध अंगातून उतरायला काही दिवस घेतं, त्यामुळे दणका उशिरा बसतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी कमी करतात. आता आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की मी चिठ्ठी घेऊन मेडिकलला जाते.

एखाद्या रात्री गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम द्यायच्या नाहीत.

दारू अजिबात नको. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा दुसरी झोपेची गोळी सोबत गेली तर श्वास मंदावू शकतो. हाका मारूनही माणूस उठत नसेल तर "झोपलाय" म्हणून सोडू नका, दवाखाना गाठा. पित्तावरची ओमेप्राझोलसुद्धा हिचा परिणाम वाढवते, तेव्हा दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाताना गोळीचं पाकीट सोबत न्या. अंगावर पुरळ उठलं, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

आणि फिट आलीच तर कांदा, चप्पल, तोंडात चमचा, काही नको. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली की १०८. तोंडाने गोळी भरवायची नाही, मामींनी तेच केलं होतं.