स्टेरॉइडच्या गोळ्या कमी करताना या चुका टाळा

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी दम्यासाठी सुरू झालेली असो, संधिवातासाठी असो की नेफ्रोटिक सिंड्रोमसाठी (लघवीतून प्रथिनं जाण्याचा मूत्रपिंडाचा आजार), आजार आटोक्यात आला की गोळीचं काम संपलं असं वाटणं स्वाभाविक आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठी पुढे करताना लोक विचारतात, "आता बरं वाटतंय, मग दोन-दोन महिने कमी करत कशाला घ्यायची? एकदमच बंद करतो ना." कृपा करून असं करू नका. आजार शांत झाला तरी शरीराची स्वतःची कॉर्टिसोल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवण्याची व्यवस्था तोवर सुरू झालेली असेलच असं नाही.

मूत्रपिंडांच्या वर असलेल्या दोन अ‍ॅड्रिनल ग्रंथी रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतात, ते प्रेडनिसोलोनच्या हिशेबात साधारण ४ ते ६ मिलिग्रॅम भरतं. बाहेरून त्याहून जास्त येत राहिलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच, म्हणजे अ‍ॅड्रिनलना हुकूम देणारं हार्मोन, सोडणं कमी करते आणि हुकूमच न आल्यामुळे अ‍ॅड्रिनल आक्रसतात. गोळ्या तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त चालल्या असतील तर हे झालंय असं धरूनच चालावं. ग्रंथी पुन्हा कामाला लागायला आठवडे लागतात, महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक.

शेवटच्या ५ मिलिग्रॅमची घाई

४० वरून २०, २० वरून १० हा उतार बराच भराभर होतो, कारण तिथे वेग मूळ आजार ठरवतो. ५ च्या खाली मात्र वेग अ‍ॅड्रिनल ठरवतात. ५ वरून थेट शून्यावर येणं म्हणजे शरीराची रोजची गरजच काढून घेणं. म्हणून डॉक्टर इथे १ किंवा अडीच मिलिग्रॅमचा टप्पा देतात आणि प्रत्येक टप्प्यावर काही आठवडे थांबवतात. नेमका याच वेळी पेशंटला सगळ्यात छान वाटत असतं आणि फॉलो-अप चुकतो.

गोळी बदलताना आकडा तोच ठेवणं हीसुद्धा चूक आहे. प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडचे ४, डेफ्लाझाकोर्टचे ६ आणि डेक्सामेथासोनचे जेमतेम ०.७५. दुकानात एक गोळी नसेल तर "दुसरी कुठलीही पाचची द्या" असं म्हणू नका.

थकव्याला टॉनिक

डोस उतरत असताना अंगात त्राण नाही, अन्न नको वाटतं, मळमळतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, वजन उतरतं. घरचे म्हणतात ऑक्टोबर हीट आहे, बी-१२ घे, एक सलाईन लाव. यात महिना जातो. अशा वेळी रक्तदाब बसून आणि उभं राहून मोजून घ्या, सोडियम आणि साखर तपासा. पोटॅशियम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. अ‍ॅडिसनच्या आजारात, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीच खराब होतात तेव्हा, ते वाढतं, त्वचा काळवंडते. गोळ्यांमुळे झालेल्या कमतरतेत ही दोन्ही लक्षणं सहसा नसतात.

अकरा वाजता घेतलेलं रक्त

कॉर्टिसोलचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ही तपासणी सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान व्हायला हवी. घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो, अकराला पोहोचतो, तोवर नाश्ता झालेला, त्यावर गोळीही घेतलेली. तो रिपोर्ट निरुपयोगी. प्रेडनिसोलोन काही तपासण्यांत कॉर्टिसोल म्हणूनच मोजलं जातं आणि आकडा खोटा वाढतो. आदल्या दिवशीची गोळी सकाळीच घ्या, दुसऱ्या दिवशी रक्त देऊन मगच गोळी घ्या. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यानेही आकडा फुगतो.

आकडा १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ग्रंथी सावरल्या असं साधारणपणे मानतात. ५ च्या खाली असेल तर गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. मधल्या पट्ट्यात डॉक्टरांचा निर्णय, गरज पडली तर एसीटीएच टोचून करायची चाचणी. रिपोर्टवर ६ हा आकडा नॉर्मलच्या रकान्यात बसलेला दिसू शकतो. तो रकाना निरोगी माणसांचा आहे. तेवढ्यावर गोळी बंद करू नका.

ताप आणि उलट्या

निरोगी शरीर तापात कॉर्टिसोल आपोआप वाढवतं. तुमचं वाढवू शकत नाही. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रो घरोघरी असतात, तेव्हा डोस दुप्पट कधी करायचा, किती दिवस करायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलटीत गोळी टिकत नसेल तर वाट पाहू नका. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं. ज्यांना धोका जास्त आहे त्यांनी ते घरी ठेवावं आणि मांडीत कसं द्यायचं हे घरातल्या एकाने शिकून घ्यावं. गुंगी किंवा बरळणं सुरू झालं तर १०८ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "पेशंट स्टेरॉइडवर आहे." हरतालिकेचा निर्जळ उपवास या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका.

ऑपरेशनआधी, दात काढण्याआधीही हेच सांगायचं, गोळ्या बंद होऊन काही महिने झाले असले तरी. १९५२ मध्येच कॉर्टिसोन घेणाऱ्या एका रुग्णाचा ऑपरेशननंतर झालेला मृत्यू वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला होता. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन शरीरातलं स्टेरॉइड लवकर संपवतं. म्हणून ते सुरू होण्याआधी प्रेडनिसोलोनचा डोस पुन्हा ठरवून घ्यावा लागतो.

न मोजलेलं स्टेरॉइड

गजकर्णावर महिनोन्‌महिने चोळलेलं क्लोबेटासोलचं मलम, इन्हेलरचा मोठा डोस, गुडघ्यात घेतलेली इंजेक्शनं, हेही अ‍ॅड्रिनल दाबतात. त्यातच फंगससाठी इट्राकोनाझोल चालू असेल तर काही स्टेरॉइड शरीरात जास्त वेळ साचून राहतात. सांधेदुखीवर चार दिवसांत गुण देणाऱ्या बिननावाच्या चूर्णातही स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. अशी पुडी घेत असाल तर तीही अचानक थांबवू नका. जशी आहे तशी डॉक्टरांसमोर ठेवा आणि किती महिने घेतली ते सांगा.