बर्लिनमध्ये इंटर्नशिप करताय? मग रात्रीबद्दलही थोडं ऐका

दरवर्षी उन्हाळ्याच्या आधी ज्युनिअर्सचे मेसेज येतात, की ताई बर्लिनच्या लॅबमध्ये इंटर्नशिप लागली, सोबत काय काय आणू, कुकर आणू का, थंडी असते का. मग चार-पाच मेसेज झाले की हळूच मुद्द्यावर येतात, तिथल्या क्लबबद्दल जे ऐकतो ते खरं का, परवडतं का, आणि मुलींचा तर हमखास प्रश्न, रात्री एकटीने फिरणं सेफ आहे का. व्हिसा आणि सामानावर ढीगभर माहिती मिळते, पण रात्रीबद्दल आपल्यात मोकळेपणाने कोणी सांगत नाही, म्हणून आज त्यावरच लिहिते. माझं म्हणणं एवढंच आहे की स्टायपेंडमध्ये बर्लिनची रात्र आरामात बसते, फक्त ती मुंबई-पुण्याच्या हिशोबाने जगायला जाऊ नका. तिथे पैसे कमी लागतात आणि वेळ भरपूर लागतो.

आधी कागदपत्रांचं पटकन सांगून टाकते. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. रूम घेतानाच तो देणार का हे स्पष्ट विचारा, जो आढेवेढे घेतो त्याची रूम घेऊ नका. इंटर्नशिप कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा भाग असेल तर तिथला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, म्हणून हातात किती येणार ते आधीच लेखी घ्या. इन्शुरन्स आहे ना बघा. बस, बाकीचं जमतं.

आता रात्र. बर्लिनमध्ये बार अमुक वाजता बंद करा अशी सक्तीच नाही. पश्चिम बर्लिनमध्ये ती 1949 साली उठवली आणि मग एकदा 2020 मध्ये कोरोनामुळे काही दिवस आली तेवढीच. नंतर 1989 मध्ये शहराचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग करणारी भिंत पडली, पूर्व भागातले कारखाने, गोदामं, वीजघरं रिकामी पडलेली, कोणाच्या मालकीची हेही धड कोणाला माहीत नाही, तिथे पोरं स्पीकर घेऊन घुसली आणि दोन्ही बाजूंची तरुण मंडळी पहिल्यांदा एकत्र नाचली. ट्रेझोर हा क्लब 1991 मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत सुरू झाला, आता तो एका जुन्या वीजघरात आहे. बेर्गहाइन पण तसंच, ओस्टबानहोफ स्टेशनजवळचं जुनं वीजघर, 2004 पासून चालू. 2024 मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला (टेक्नो म्हणजे या क्लबमध्ये वाजतं ते इलेक्ट्रॉनिक डान्स संगीत) युनेस्कोच्या करारानुसार केलेल्या आपल्या देशाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. हे सगळं अशासाठी सांगितलं की तिथे क्लबला जाणं म्हणजे वाया जाणं असं कोणी समजत नाही, तुमच्या लॅबमधला पीएचडीवाला शुक्रवारी संध्याकाळी सांगून जातो की उद्या नाचायला चाललोय, आणि सोमवारी नऊला जागेवर असतो.

पण पहिल्याच आठवड्यात बेर्गहाइनच्या लाइनीत उभं राहायची घाई करू नका, प्लीज. पहिले काही आठवडे नुसतं बाहेर बसायला शिका. जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो आणि पहाटे पाचच्या आत उगवतो, म्हणजे काळोख असा थोडाच वेळ. लोक श्पेटीतून, म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, दीड-दोन युरोची बाटली घेतात आणि क्रॉइत्सबर्गमधल्या आडमिराल पुलावर, कालव्याच्या काठावर, नाहीतर टेम्पेलहोफच्या जुन्या विमानतळाच्या मैदानावर जाऊन बसतात (मैदानाची गेटं मात्र अंधार पडला की बंद होतात). रस्त्यावर बसून बिअर पिणं तिथे कायदेशीर आहे, कोणी हटकत नाही. वार्शाउअर ब्रिजवर संध्याकाळी नुसतं तासभर उभं राहा. खालून एसबान म्हणजे तिथली लोकल ट्रेन जात असते, लांबवर टीव्ही टॉवर दिसतो, एकजण ड्रम वाजवतो आणि त्याच्यापासून वीस पावलांवर दुसरा कोणी गिटार. आणि एक बघा, रिकाम्या बाटल्या कोणी कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही, डब्याच्या शेजारी नीट उभ्या करून ठेवतात. काचेच्या बिअरच्या बाटलीमागे 8 सेंट आणि कॅन किंवा प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांमागे 25 सेंट ती दुकानात परत दिली की मिळतात, त्याला फांट म्हणतात, आणि त्यावर गुजराण करणारी म्हातारी माणसं रात्रभर फिरत असतात, त्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून ही पद्धत. तुम्हीही तसंच करा.

21 जूनला तिथे असाल तर सुट्टी टाकली तरी चालेल, फेत द ला म्युझिक असतं, शहरभर चौकाचौकात फुकट गाणं-बजावणं. आणि ऑगस्टच्या शेवटी असाल तर म्युझियमची लांब रात्र, एका तिकिटावर कितीतरी म्युझियम्स मध्यरात्रीनंतरही उघडी, ही कल्पना 1997 मध्ये बर्लिनमध्येच सुरू झाली. नाइटलाइफ म्हटलं की आपल्याकडे फक्त दारू आणि डान्स डोळ्यासमोर येतो, पण मला स्वतःला बर्लिन आवडलं ते रात्री अकराला लोक सहकुटुंब म्युझियमच्या रांगेत उभे बघून.

येण्या-जाण्याचं नीट समजून घ्या कारण सगळी मजा त्यावर अवलंबून आहे. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री ऊबान म्हणजे मेट्रो रात्रभर चालते, साधारण दर 15 मिनिटांनी, एसबान दर अर्ध्या तासाने. बाकीच्या दिवशी एकच्या सुमारास बंद होते आणि मग त्याच मार्गावर एन अक्षराच्या बस सुरू होतात, म्हणजे यू 8 च्या जागी एन 8. एम अक्षराच्या ट्राम तर रोज रात्रभर असतात, त्यातली एम 10 शनिवारी रात्री बघाच, अख्खी ट्राम म्हणजे पार्टीच, अनोळखी माणसं एकमेकांना चिप्स देतात. रात्री आठनंतर बसमध्ये ड्रायव्हरला आधी सांगितलं तर शक्य असेल तिथे दोन स्टॉपच्या मध्येही उतरवतो, मुलींनी हे जरूर वापरा. स्टेशनवर गेट नसतात, त्यामुळे काहींना वाटतं की फुकट जाता येतं, पण साध्या कपड्यातले चेकर असतात आणि दंड 60 युरो, तेवढ्यात इंटर्नचा आठवड्याचा किराणा येतो. महिन्याचा पास काढा आणि विषय संपवा.

मग क्लब. मोठ्या क्लबचं तिकीट वीस युरोच्या वर जातं, लहान ठिकाणी बरंच कमी, आणि कॅश ठेवा कारण कार्ड सगळीकडे चालेलच असं नाही. लोक रात्री दीड-दोनच्या आधी जातच नाहीत आणि काही ठिकाणी तर शनिवारी रात्री सुरू झालेलं सोमवारी सकाळी संपतं. माझं ऐकाल तर रविवारी दुपारी जा. शनिवारी मस्त झोपा, सकाळी पोहे खा आणि ताज्या डोक्याने जा. दारावर आत घेतीलच याची खात्री नसते, दहाजणांच्या घोळक्याने, मोठमोठ्याने बोलत, आधीच पिऊन गेलात तर नाही म्हणण्याची शक्यता जास्त. दोघं-तिघं जा, शांत उभे राहा, आज कोण वाजवतंय हे वाचून जा, आणि नाही म्हटलं तर हसून दुसरीकडे जा, वाद घालू नका, दारावरच्या माणसाच्या मनात तुमच्याबद्दल काही नसतं. वय बघतात म्हणून ओळखपत्र लागतं, पासपोर्ट नेत असाल तर आतल्या चेनच्या खिशात.

आत गेलात की बऱ्याच क्लबमध्ये फोनच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर छोटे गोल स्टिकर चिकटवतात. फोटो काढायचा नाही म्हणजे नाही, तिथे ते फार गांभीर्याने घेतात. आणि खरं सांगू, हाच मला तिथला सगळ्यात चांगला नियम वाटतो. कोण काय घालतंय, कसं नाचतंय, कोणाबरोबर आहे, याचं कोणाला काही देणंघेणं नसतं. आपण मुली गावाकडे वरातीत नाचतानासुद्धा आजूबाजूला कोण बघतंय याचा अंदाज घेत नाचतो, आणि इथे एका अंधाऱ्या काँक्रीटच्या हॉलमध्ये शेजारी साठीतल्या बाई डोळे मिटून नाचतायत, कोणी ढुंकूनही बघत नाही. बेस छातीत जाणवतो. कानात इअरप्लग मात्र घालाच, बऱ्याच बारवर मिळतात, कान एकदाच मिळालेत.

दारू प्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही. क्लब माटे नावाचं कॅफिनवालं पेय सगळीकडे मिळतं, आप्फेलशोर्ले म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, अल्कोहोल नसलेली बिअर, काहीही घ्या, ग्लासात काय आहे हे कोणी विचारत नाही. ग्लास मात्र हातातच ठेवा, खाली ठेवून नाचायला गेलात तर परत आल्यावर तो पिऊ नका, नवीन घ्या. कोणी गोळी-पावडर देऊ केली तर सरळ नको म्हणा, परक्या देशात व्हिसावर असताना तो धोका घ्यायचाच नाही. मुलींसाठी अजून एक, जर्मनीत बऱ्याच बारमध्ये काउंटरवर जाऊन "लुइझा इथे आहे का?" एवढंच विचारलं की स्टाफ तुम्हाला बाजूला घेतो आणि सुरक्षित घरी जायची सोय करतो, 2016 मध्ये म्युन्स्टर शहरात ही मोहीम सुरू झाली. पोलिसांचा नंबर 110, अँब्युलन्स 112. आम्ही मैत्रिणी एकमेकींना लाइव्ह लोकेशन द्यायचो आणि घरी पोचल्याचा मेसेज आल्याशिवाय कोणी झोपायचं नाही हा नियम होता. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, म्हणजे तिथे रात्रीचे दोन वाजले की सांगलीत साडेपाच, बाबा उठलेलेच असायचे, मी ट्राममधून त्यांना फोन लावायचे आणि घराचं दार उघडेपर्यंत आम्ही पाऊस-पाण्याचं बोलत असायचो. घरच्यांपासून लपवू नका, कुठे जाताय ते सांगा, त्यांनाही बरं वाटतं आणि तुम्हालाही.

शाकाहारी असाल तर रात्री तीनला फलाफल जिंदाबाद, नॉयकोल्नमध्ये झोनेनआले नावाच्या रस्त्यावर चांगलं मिळतं.

घरी परतताना जिन्यात हळू, रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि रविवारी दिवसभर, वॉशिंग मशीनसुद्धा लावू नका, शेजारी तक्रार करतात. आणि रविवारी सुपरमार्केट बंद असतात, त्यामुळे दूध, अंडी, कांदे-बटाटे शनिवारीच भरून ठेवा. राहिलंच तर ओस्टबानहोफसारख्या मोठ्या स्टेशनातलं दुकान रविवारीही उघडं असतं, फक्त गर्दी तुफान असते.