विधान परिषद समजून घ्यायची तर आधी ७८ ची फोड करा

मी नववी-दहावीला नागरिकशास्त्र शिकवते. ‘वरिष्ठ सभागृह, कनिष्ठ सभागृह’ ही घोकंपट्टी मी कधीच सोडली. कोण कुणाला निवडून देतं, एवढंच आधी विचारते.

महाराष्ट्राची विधानसभा सोपी: २८८ मतदारसंघ, २८८ आमदार, आपलं थेट मत, मुदत पाच वर्षं. मेख परिषदेत आहे. वहीत ७८ लिहा आणि फोड करा. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जणांना नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य वगैरे. ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे, १२ राज्यपालांनी नेमलेले. हे सभागृह बरखास्त होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश निवृत्त.

त्या सात पदवीधर जागांपैकी एकीसाठी तुम्हीही मत देऊ शकता. पण विधानसभेच्या यादीतलं नाव इथे चालत नाही. नमुना १८ भरावा लागतो (शिक्षकांना १९), आणि १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाआधी पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. दर निवडणुकीला यादी नव्याने बनते. ‘मागच्या खेपेला नाव होतं ना’ म्हणत मी एकदा अर्जच भरला नाही. केंद्रावरून हात हलवत परत आले, दोष माझाच.

मत देताना बटण शोधू नका, तिथे मतपत्रिका असते. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेननेच पसंतीक्रम लिहायचा. १ हवाच, पुढचे आकडे ऐच्छिक. बरोबरची खूण केलीत की मत बाद. शिकलेल्यांची मतं अशी बाद होतात, याचं मला अजून नवल वाटतं.

अधिकारांत मात्र विधानसभा भारी. अर्थविधेयक परिषदेला १४ दिवसच रोखता येतं. इतर विधेयक पहिल्यांदा तीन महिने, विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर आणखी एक महिना. संसदेसारखी संयुक्त बैठक इथे नाही.

कामकाजाचं प्रक्षेपण लावलंत तर डोळे मिटून ऐका. ‘अध्यक्ष महोदय’ ऐकू आलं तर विधानसभा, ‘सभापती महोदय’ असेल तर परिषद. माझी मुलं आता पहिल्याच वाक्याला ओळखतात.